प्रयुक्त: धों. बा. शे.

कोपरखैरण्यात, पालिकेच्या शाळेत,
रविवारी दहा ते एक, खोली नंबर सात.
बाक पाचवीच्या पोरांचे, आमचे गुडघे वर येतात.
फळ्याच्या कोपऱ्यात शुक्रवारचा सुविचार तसाच,
त्याच्याखाली केंकरे मॅडम लिहितात:
सामान्य मानसशास्त्र, प्रकरण तीन, वेदन आणि संवेदन.

मी वहीत लिहिलं, वेदना.
मॅडम बाकांमधून फिरत आल्या, थांबल्या,
माझ्याच पेनानं शेवटचा काना खोडला.
"वेदन. डोळ्यावर उजेड पडतो, कानावर आवाज, एवढंच.
त्यात दुखणं नाही."
मी एकोणचाळीसची, तुर्भ्याच्या शीतगृहात बिलं करते.
मान हलवली.
पुढच्या ओळीत हातानं पुन्हा काना दिला.

रबाळ्याचे हवालदार गायकर रात्रपाळी करून येतात,
'निद्रा आणि स्वप्न' त्यांनी पूर्ण झोपून ऐकलं.
ऐरोलीत पार्लर चालवणारी फर्झाना विचारते,
मॅडम, मानेला टॉवेल गुंडाळला की
बायका सगळं सांगायला का लागतात,
हे कुठल्या प्रकरणात आहे?
मॅडम अनुक्रमणिका चाळतात. मनापासून चाळतात.

मला एक गोष्ट मात्र पहिल्या झटक्यात पटली:
सारखा तोच वास आला
की नाक तो सांगायचं सोडून देतं.
बाबांनी तीस वर्षं मसाला मार्केटात मिरचीची पोती वाहिली.
ते घरात शिरले की आई, भाऊ, मी, सगळे शिंकायचो,
आणि ते उंबऱ्यात उभे राहून विचारायचे,
"काय झालं रं समद्यांस्नी?"
इतकी वर्षं वाटायचं, थट्टा करतात.

प्रात्यक्षिकाला एक माणूस लागतो.
पुस्तक त्याला प्रयुक्त म्हणतं.
नाव लिहायचं नाही, नुसती आद्याक्षरं: धों. बा. शे.
वय एकाहत्तर. शिक्षण दुसरी. व्यवसाय
इथे लिहिलं, पाठ. मग खोडलं.
माथाडी, निवृत्त.

प्रयोगाचं नाव स्मृतिविस्तार.
सेकंदाला एक आकडा मी म्हणायचा,
त्यांनी तसाच, त्याच क्रमानं परत द्यायचा.
बाबांनी फोटो काढायचा असल्यासारखी टोपी घातली.
चार आकडे बरोबर. पाच बरोबर.
मग सहा: सात, एक, नऊ, चार, दोन, आठ.
ते छताकडे बघू लागले. ओठ हलत होते,
ट्रकमागे उभं राहून पोती मोजताना हलायचे तसे.
"सात," ते म्हणाले, "लाभ, नऊ, चार..."

आणि थांबले.
पुढचं गेलं ते गेलंच.
पण लाभ? मापाचा पहिला आकडा एक म्हणायचा नसतो,
हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक,
मार्केटातल्या पोत्यांनासुद्धा ठाऊक.
तक्त्यात दोनच रकाने होते, बरोबर आणि चूक.
मी पेन्सिलनं मधल्या रेघेवर लिहिलं.

शेवटी प्रयुक्ताचं अंतर्निरीक्षण घ्यायचं असतं,
त्याच्याच शब्दांत:
"चार म्हनताना तुजा आवाज तुज्या आईवानी आला.
मग फुडलं ऱ्हायलं."
ते मी तसंच उतरवलं. निष्कर्ष मात्र
पुस्तकातला लिहिला, वयानुसार वगैरे.

वही तपासून आली, वीसपैकी सतरा.
'लाभ'भोवती लाल गोल,
बाजूला ना बरोबर, ना चूक.
केंकरे मॅडमनी तिथे बराच वेळ पेन टेकवलं असावं,
शाई पुढच्या पानावर उतरली होती.

प्रयोग संपून महिना झाला.
जेवणं झाली की बाबा पलंगावर मांडी घालून बसतात,
टोपी नीट करतात.
"आज आकडं न्हाईत का?"
हाताशी विजेचं बिल असतं. ग्राहक क्रमांक बारा आकडी,
पुस्तकाच्या हिशेबानं कुणालाच न पेलणारा.
मी सेकंदाला एक वाचते.
शून्य, शून्य, लाभ,
आणि चार आला की जरा सावकाश.